जुन्या लष्करी पिस्तुलाचा रास्त भाव

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या ॲनिस्टन या लहानशा शहरात टपालाच्या थप्प्या लागल्या. नागरिकांना नेमबाजीचे शिक्षण देणाऱ्या ‘सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम’ ऊर्फ सीएमपी या संस्थेला लष्कराकडून सुमारे आठ हजार जुनी ‘१९११’ पिस्तुले मिळाली होती आणि ती विक्रीला निघाली होती. मुदत ४ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर. अर्ज फक्त टपालाने. एका व्यक्तीला एकच पिस्तूल. जेवढी पिस्तुले होती, त्याच्या दुपटीहून अधिक अर्ज आले. मग संगणकाने सोडत काढली आणि क्रमांक लागेल तसा एकेका अर्जदाराला फोन गेला.

भाव आधीच जाहीर झाले होते. पिस्तुलाच्या अवस्थेप्रमाणे पहिल्या प्रतीला १,०५० डॉलर, दुसऱ्या प्रतीला ९५० आणि तिसऱ्या प्रतीला ८५०. घासाघीस नाही, वशिला नाही. संग्राहकांच्या बाजारात महायुद्धाच्या काळातले अस्सल १९११ सहसा याहून महाग पडते, म्हणून ही विक्री हौशी लोकांसाठी पर्वणीच होती. पण हे पिस्तूल मिळवण्यासाठी जितकी कागदपत्रे द्यावी लागली, तितकी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी साधे पिस्तूल घेताना द्यावी लागत नाहीत. नागरिकत्वाचा पुरावा, संलग्न नेमबाजी क्लबचे सदस्यत्व, नेमबाजीत भाग घेतल्याचा दाखला, पार्श्वभूमीची एक तपासणी सीएमपीकडून आणि दुसरी स्थानिक परवानाधारक विक्रेत्याकडून. सीएमपी रायफली थेट घरी पाठवते. पिस्तूल मात्र विक्रेत्याच्या दुकानातूनच ताब्यात घ्यावे लागले.

शस्त्रांच्या बाजाराबद्दल नेहमी एक युक्तिवाद ऐकू येतो. तपासण्या वाढल्या की प्रामाणिक ग्राहक पळतो आणि किंमत चढते, असा. ॲनिस्टनच्या विक्रीने तो खोटा पाडला. सर्वांत कडक चाळणीतून जाणाऱ्या या विक्रीतला भाव बाजारापेक्षा कमी होता आणि तरीही ग्राहकांची रांग संपत नव्हती. जुन्या लष्करी पिस्तुलाचा भाव रास्त ठरवायचा तर त्यात दोन इतिहास तपासलेले असायला हवेत, एक पिस्तुलाचा आणि दुसरा ते घेणाऱ्याचा. यातला एक जरी वगळून भाव उतरवला, तरी त्याची भरपाई कुणाला तरी करावीच लागते.

आधी पिस्तुलाचा इतिहास पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलिपिन्समध्ये उतरलेल्या अमेरिकी सैन्याला दक्षिणेकडच्या मोरो योद्ध्यांशी लढताना आपली .३८ बोअरची रिव्हॉल्व्हर अपुरी वाटू लागली. गोळी लागूनही समोरचा माणूस थांबत नाही, अशा तक्रारी वरपर्यंत गेल्या. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यांत चाचण्या घेतल्या आणि .४५ पेक्षा लहान बोअर नको, असा निष्कर्ष दिला. युटा राज्यातल्या ऑग्डेन गावच्या जॉन ब्राउनिंगने त्या मापाचे काडतूस आणि ते झाडणारे पिस्तूल तयार केले. १९११ च्या मार्चमध्ये अखेरची चाचणी झाली. एकामागून एक सहा हजार गोळ्या झाडायच्या, पिस्तूल तापले की पाण्यात बुचकळून गार करायचे आणि पुन्हा सुरू करायचे. कोल्ट कंपनीने बनवलेले ब्राउनिंगचे पिस्तूल एकदाही अडले नाही. प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल ३७ वेळा अडले. २९ मार्च १९११ रोजी अमेरिकी लष्कराने ते स्वीकारले आणि १९८५ मध्ये बेरेटा एम-९ ची निवड होईपर्यंत तेच अधिकृत पिस्तूल राहिले. लष्करासाठी अशी सुमारे २७ लाख पिस्तुले तयार झाली.

ब्राउनिंगचा एक धागा भारतापर्यंतही येतो. १९२६ मध्ये बेल्जियममधल्या एफएन कारखान्यात त्याचा मृत्यू झाला, तेव्हा एका नव्या ९ मिलिमीटर पिस्तुलाचे काम अर्धे राहिले होते. दियुदोने सेव्ह या त्याच्या सहकाऱ्याने ते १९३५ मध्ये पूर्ण केले. तेच हे ‘हाय-पॉवर’. त्याचीच भारतीय आवृत्ती कोलकात्याजवळच्या ईशापूर रायफल कारखान्यात बनली आणि भारतीय लष्कराच्या अधिकाऱ्यांच्या कमरेला अनेक दशके लटकली.

दुसऱ्या महायुद्धात १९११ ची मागणी इतकी वाढली की शस्त्रांशी कधी संबंध न आलेल्या कंपन्यांनाही कामाला लावावे लागले. सर्वाधिक पिस्तुले बनवली ती टाइपरायटरसाठी प्रसिद्ध असलेल्या रेमिंग्टन रँड कंपनीने; पावणेनऊ लाखांच्या आसपास. मराठी टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी केलेल्या कुणालाही रेमिंग्टन हे नाव कळफलकामुळे पाठ असते. रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नल कंपनीने सुमारे ५५ हजार पिस्तुले दिली. आणि घराघरांत शिवणयंत्रामुळे पोहोचलेल्या सिंगर कंपनीने फक्त ५००. सिंगरची ती केवळ प्रायोगिक ऑर्डर होती. पुढे कंपनीची अचूक यंत्रकामाची हातोटी लष्कराने दुसऱ्या उपकरणांसाठी वापरली.

या ५०० मधले एक पिस्तूल २०१७ मध्ये रॉक आयलंड ऑक्शन कंपनीच्या लिलावात चार लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. त्याच आराखड्याचे, तीच गोळी झाडणारे, तितकीच अचूकता असलेले रेमिंग्टन रँडचे पिस्तूल हजार-दोन हजार डॉलरच्या घरात मिळते. नेमबाजीच्या दृष्टीने दोघांत काडीचा फरक नाही. फरक आहे तो स्लाइडवर कोरलेल्या नावाचा आणि त्या नावाची किती पिस्तुले उरली याचा.

म्हणूनच या बाजारात फसवणुकीलाही भरपूर वाव आहे. जाणकार ग्राहक आधी अनुक्रमांक पाहतो आणि तो कोणत्या कंपनीच्या, कोणत्या वर्षाच्या मालिकेत बसतो हे ताडून घेतो. मग तपासनिसाची आद्याक्षरे. कोल्टच्या बहुतेक युद्धकालीन पिस्तुलांवर जी. एच. डी., रेमिंग्टन रँड आणि इथाका या कंपन्यांच्या पिस्तुलांवर एफ. जे. ए., युनियन स्विचवर आर. सी. डी. या खुणा जुळल्या नाहीत, तर वर कितीही झळाळी असली तरी शंका घ्यायची. त्यानंतर पृष्ठभाग. युद्धकाळातले करडे, खरखरीत पार्करायझिंग घासून काढून कुणी हौसेने काळानिळा चकचकीत मुलामा दिला असेल, तर पिस्तूल नवे दिसते आणि त्याची संग्रहमूल्याची बाजू कोसळते.

यात एक गुंतागुंत आहे, आणि ती प्रामाणिक विक्रेता आधी सांगतो. १९४५ नंतर अमेरिकी लष्कराने नवी १९११ विकत घेतलीच नाहीत. होती तीच दुरुस्त करत पुढची चाळीस वर्षे काढली. ऑगस्टा, रॉक आयलंड, ॲनिस्टन, रेड रिव्हर अशा शस्त्रागारांत शेकडो पिस्तुले एकदम खोलली जात, भाग धुतले जात आणि जो भाग हाती येईल तो बसवला जाई. त्यामुळे फ्रेम इथाकाची, स्लाइड कोल्टची आणि नळी तिसऱ्याच कंपनीची, असे पिस्तूल पूर्णपणे अस्सल असू शकते. ते बनावट नसते. कोरियापासून व्हिएतनामपर्यंतच्या सेवेचा तो पुरावा असतो. उलट १९४३ च्या पिस्तुलाचे सगळे भाग एकाच कंपनीचे आणि कोरे करकरीत दिसत असतील, तर ते अलीकडे कुणी जुळवून आणले आहेत का, हे विचारायला हवे. सीएमपीच्या विक्रीत ग्राहकाला कंपनी निवडण्याची मुभा नव्हती, पण प्रत ठरवण्याचे निकष छापील होते आणि ती प्रत संस्थेच्या कारागिरांनी तपासून ठरवली होती. ८५० डॉलर देणाऱ्याला गंजाचे डाग आणि झिजलेला मुलामा मिळणार, हे त्याला आधीच ठाऊक होते.

ज्याला इतिहासाशी कर्तव्य नाही आणि फक्त त्या बांधणीचे पिस्तूल नेमबाजीसाठी हवे आहे, त्याच्यासाठी आज तिसरा रस्ता मोकळा आहे. ब्राउनिंगच्या पेटंटची मुदत कधीच संपली, त्यामुळे १९११ कुणीही बनवू शकतो. फिलिपिन्समधल्या मारिकिना शहरातली आर्मस्कोर कंपनी ‘रॉक आयलंड आर्मरी’ या नावाने आणि तुर्कस्तानातल्या त्रॅबझोन शहरातली टिसास कंपनी आपल्या नावाने लष्करी धाटणीची १९११ बनवतात. अमेरिकी दुकानांत ती चारशे-पाचशे डॉलरच्या आसपास मिळतात. ज्या बेटांवरच्या लढाईतून या पिस्तुलाची गरज निर्माण झाली, तिथेच आज त्याच्या परवडणाऱ्या प्रती घडतात. नवशिक्या नेमबाजासाठी हा सौदा खरोखर चांगला आहे. पोलाद नवे, सुटे भाग मिळण्याजोगे, हमीपत्र सोबत. अनेक दशके जुन्या स्प्रिंगवर विसंबून रोज सराव करण्यापेक्षा हे शहाणपणाचे. फक्त .४५ चे काडतूस ९ मिलिमीटरच्या काडतुसापेक्षा महाग असते, हे विकत घेण्याआधी ध्यानात घ्यावे. वर्षभराच्या सरावात पिस्तुलाची किंमत काडतुसांवर कधी खर्च झाली, हे कळतही नाही.

आता घेणाऱ्याच्या इतिहासाकडे वळू. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जुनी लष्करी शस्त्रे मासिकातले कुपन कापून मागवता येत. सरकार स्वतःच नॅशनल रायफल असोसिएशनच्या सदस्यांना १९११ पिस्तूल १७ डॉलरला देत असे. युरोपातल्या कोठारांतून आलेल्या रायफली तर त्याहून सहज मिळत. मार्च १९६३ मध्ये डॅलसच्या एका पोस्टबॉक्सवर अशी दोन पार्सले निघाली. एक शिकागोच्या क्लाइन्स दुकानातून, १९.९५ डॉलरची दुर्बीण बसवलेली इटालियन कार्कानो रायफल. दुसरे लॉस एंजेलिसच्या सीपोर्ट ट्रेडर्सकडून, २९.९५ डॉलरचे स्मिथ अँड वेसन ‘व्हिक्टरी’ रिव्हॉल्व्हर, जे महायुद्धात ब्रिटनला पाठवले गेले होते आणि युद्धानंतर परत येऊन नळी कापून विकले गेले. मागवणाऱ्याने ‘हिडेल’ हे खोटे नाव दिले होते. खरे नाव ली हार्वी ऑस्वाल्ड. त्या रायफलीने २२ नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडी यांचा जीव घेतला आणि त्या रिव्हॉल्व्हरने त्याच दुपारी पोलीस अधिकारी टिपिट यांचा. दोन शस्त्रांची मिळून किंमत पन्नास डॉलरच्या आत. विकणाऱ्या कोणीही ग्राहकाचा चेहरा पाहिला नव्हता.

कायदा बदलायला पाच वर्षे लागली. २२ ऑक्टोबर १९६८ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ‘गन कंट्रोल ॲक्ट’वर सही केली. टपालाने थेट ग्राहकाला शस्त्र विकणे बंद झाले आणि परदेशी लष्करी शस्त्रांच्या आयातीला चाप बसला.

महाराष्ट्राला याहून जवळचे उदाहरण आठवायला हवे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते इटालियन लष्करासाठी बनवलेले बेरेटा एम-१९३४ होते. अनुक्रमांक ६०६८२४. पुण्याहून निघालेल्या मारेकऱ्यांनी ते हत्येच्या दोन दिवस आधी ग्वाल्हेरमध्ये मिळवले. विनापरवाना, नोंदीशिवाय, ओळखीपाळखीतून हातोहात. जुन्या लष्करी शस्त्राचा चोरबाजार किती मोठी किंमत वसूल करू शकतो, हे या प्रदेशाने पुढच्या काही दिवसांतल्या दंगलींत जळणाऱ्या घरांमधूनही पाहिले.

आज अमेरिकेत परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूल घेताना तपासणी सहसा चुकत नाही. १९९३ च्या ब्रेडी कायद्यानुसार उभारलेली संगणकीय यंत्रणा १९९८ च्या नोव्हेंबरपासून सुरू आहे आणि बहुतेक ग्राहकांना काही मिनिटांत उत्तर मिळते. पण एकाच राज्यात राहणाऱ्या दोन खासगी व्यक्तींच्या व्यवहाराला संघराज्याचा कायदा ही तपासणी लावत नाही. काही राज्यांनी स्वतःचे कायदे करून ही फट बुजवली, अनेकांनी तशीच ठेवली. प्रदर्शनाच्या आवारात, वाहनतळावर, ओळखीच्या ओळखीतून होणाऱ्या सौद्यात थोडे पैसे वाचतात. जुन्या लष्करी पिस्तुलांचे सौदे बरेचदा असेच होतात, कारण ती आजोबांच्या कपाटातून निघालेली असतात आणि वारसांना ती लवकर मोकळी करायची असतात. ज्याला ‘स्वस्तात मिळाले’ असे म्हणायचा मोह होतो, त्याने अशा वेळी दुकानदारामार्फत व्यवहार करण्याचा आग्रह धरावा. दुकानदार थोडे शुल्क घेतो, तपासणी करतो आणि नोंदवहीत नाव लिहितो. ते शुल्क पिस्तुलाच्या किमतीचाच भाग मानायला हवे.

कुलूपबंद पेटीचा खर्चही त्याच हिशेबात धरला पाहिजे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यूंमध्ये चाप ओढणारा आणि मरणारा एकच होता. २००५ च्या कायद्याने विक्रेत्याला पिस्तुलासोबत कुलूप किंवा तत्सम साधन देणे बंधनकारक केले आहे, पण ते लावायचे की नाही हे घरातल्या माणसाच्या हाती. आजोबांच्या युद्धाची आठवण म्हणून दिवाणखान्यात टांगलेले पिस्तूल हे चालू स्थितीतले शस्त्र असते, आणि खिन्नतेच्या एखाद्या रात्री ते घरातल्या तरुण मुलाच्या हाताला लागू शकते. संग्राहकांच्या मेळाव्यांत मुलाम्याबद्दल तासन्‌तास बोलले जाते. पेटीबद्दलही तितक्याच तळमळीने बोलले जावे.

या साऱ्याला दोन बाजूंनी विरोध होतो. काही जण म्हणतात, लष्कराने जुनी पिस्तुले वितळवूनच टाकावीत. खिशात लपणारे शस्त्र सरकारने स्वतःहून लोकांत का सोडावे? हा प्रश्न गंभीर आहे. २०१५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने हस्तांतराला परवानगी दिली तेव्हा तो विचारला गेला, आणि पिस्तुले प्रत्यक्ष विक्रीला यायला त्यानंतर तीन वर्षे गेली. पण ज्या देशात नवे १९११ कोणत्याही दुकानात मिळते, तिथे पाऊणशे वर्षांपूर्वीचे, नोंदलेले, दुहेरी तपासणीतून जाणारे पिस्तूल वितळवून सुरक्षितता वाढत नाही. फक्त रेमिंग्टनच्या आणि सिग्नल कंपनीच्या कामगारांनी घडवलेला इतिहास भट्टीत जातो. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, नागरिकाने दोनदा स्वतःला निर्दोष का सिद्ध करावे? त्यांना ॲनिस्टनला आलेले अर्जच उत्तर देतात. हजारो हौशी लोकांनी ते स्वखुशीने केले, कारण त्या कागदांमुळेच त्यांना घरात येणारी वस्तू अस्सल असल्याची खात्री मिळत होती.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही नेमबाजीची आवड वाढताना दिसते. त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट असावी. एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याचा कायदा, शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, शस्त्र बाळगू देत नाही. ग्रीन कार्ड असलेला माणूस दुकानातून पिस्तूल घेऊ शकतो, पण सीएमपीकडून नाही. तिथे नागरिकत्वच लागते. मित्राच्या नावावर स्वस्तात घेण्याचा विचार मनात आणणेही धोक्याचे आहे, कारण दुसऱ्यासाठीचे शस्त्र स्वतःसाठी असल्याचे खोटे सांगून खरेदी करणे हा तिथे गंभीर गुन्हा आहे.

भारतातले चित्र अगदी निराळे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी पिस्तुलाची आयात जवळपास बंदच आहे. ९ मिलिमीटरसारखे लष्करी बोअर त्याला मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे राहू शकतात. परिणामी परदेशात काही शे डॉलरला मिळणाऱ्या जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरचे इथे लाखांत सौदे होतात. ही किंमत पोलादाची नाही, टंचाईची आहे. पण नियंत्रण असूनही खेळ बहरतो, हे कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकून दाखवले. नेमबाजांना आयातीची वेगळी, नोंदलेली वाट आहे आणि तिचा गैरवापर झाला नाही, तरच ती उघडी राहील.

आता पाळी बेरेटा एम-९ ची आहे. २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने सिग सावर कंपनीचे एम-१७ निवडले, आणि तीन दशकांहून अधिक काळ वापरलेली बेरेटा पिस्तुले कोठारांत जमा होत आहेत. ती कधीतरी नागरिकांपुढे आलीच, तर १९११ च्या वेळी घातलेल्या सगळ्या अटी त्यांनाही लागू व्हाव्यात: जाहीर भाव, सोडत, माणशी एक, दोन तपासण्या आणि दुकानातूनच ताबा. त्यासोबत सीएमपीने प्रत्येक पिस्तुलाबरोबर मजबूत कुलूपपेटी सक्तीने द्यावी आणि तिची किंमत जाहीर भावातच धरावी. खरेदीदाराने ते पिस्तूल पुढे विकले, तर तो व्यवहारही परवानाधारक विक्रेत्यामार्फतच व्हावा, अशी अट विक्रीपत्रात लिहून घ्यावी. एवढे केल्यावर भाव पन्नास-शंभर डॉलरने वाढेल, आणि तो तसा वाढायलाच हवा.